दोन पायांचे रोबोट गुडघे वाकवून का चालतात?

तुमचा प्रश्न असा की, रोबोट कोलांट्या मारतात, नाचतात, मग साधं चालताना गुडघ्यात वाकून दबकत का चालतात? माणसासारखं चालणं एवढं अवघड आहे का?

आहे, आणि फार अवघड आहे. आपण दर पावलाला थोडेसे पुढे पडतो आणि दुसरा पाय टाकून सावरतो. रोबोटवाल्यांचा भर मात्र बरीच वर्षं तोल जाऊच न देण्यावर होता. जपानच्या वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांच्या गटाने १९७३ मध्ये वाबोट-१ हा रोबोट चालवला, तो एका पायावर भार नीट स्थिरावल्याशिवाय दुसरा उचलत नसे. पुढे युगोस्लाव्हियातले संशोधक वुकोब्रातोविच यांची ‘झीरो मोमेंट पॉइंट’ ही कल्पना रुळली: जमिनीच्या दाबाचा मध्यबिंदू तळव्याच्या आत राहील अशीच प्रत्येक हालचाल आखायची. होंडा कंपनीचा असिमो रोबोट (२०००) याच वाटेने चालला.

गुडघ्याचं कोडं इथेच सुटतं. पाय पूर्ण सरळ असताना गुडघा जरासा फिरवला तरी त्या क्षणी कंबर वर-खाली होत नाही. म्हणजे कंबरेची उंची सांभाळायला गुडघा कामाचाच राहत नाही आणि कंट्रोलरचं, म्हणजे हालचाली ठरवणाऱ्या यंत्रणेचं, गणित मोटरकडे अशक्य वेग मागू लागतं. शिवाय कंबर एकाच उंचीवर ठेवली की समीकरणं खूप सोपी होतात. मग गुडघा कायम वाकलेलाच ठेवायचा. त्याची किंमत किती, ते गुडघे वाकवून पाच मिनिटं चालून बघा, मांड्या भरून येतील. रोबोटच्या मोटरवरही तोच ताण येतो. तेवढंच वजन तेवढंच अंतर न्यायला असिमोला माणसाच्या दहापटीहून जास्त ऊर्जा लागत असे.

आता आपलं एक पाऊल बघा. पुढची टाच टेकते तेव्हा गुडघा जवळपास सरळ असतो. त्याच सुमारास मागच्या पायाची टाच उचललेली असते, टाचेमागची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध) ताणलेली असते आणि तिच्यात साठलेली ऊर्जा चवड्यातून झटक्यात सुटते. हा मागून मिळणारा रेटा फार मोलाचा आहे. तो वेळेवर मिळाला तर पुढची टाच आपटताना वाया जाणारी ऊर्जा कमी होते. मग शरीर सरळ पायावरून कमानीत पुढे जातं आणि दुसरा पाय बराचसा आपल्याच वजनाने झुलत येतो.

संशोधक टॅड मॅकगिअर यांनी १९९० मध्ये हेच दाखवून दिलं. त्यांच्या यंत्राला ना मोटर होती ना संगणक, तरी ते हलक्या उतारावरून नुसत्या गुरुत्वाकर्षणाने चालत गेलं. या क्षेत्रातलं मला हे सगळ्यात सुंदर काम वाटतं. चालण्याचं निम्मं शहाणपण पायांच्या घडणीतच असतं, हे त्यातून डोळ्यांना दिसलं. त्याच विचारातून आलेला कॉर्नेल विद्यापीठाचा रेंजर हा रोबोट २०११ मध्ये एका चार्जिंगवर ६५ किलोमीटर चालला. अडचण एवढीच की अशी यंत्रं सपाट जमिनीवरच खुलतात, खाचखळगे आले की अडखळतात.

अलीकडे सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी जगात, रोबोटच्या हजारो प्रती एकाच वेळी पाडून-उठवून शिकवतात. वजन, घर्षण, धक्के मुद्दाम बदलत राहतात, म्हणजे खऱ्या जमिनीवर तो गांगरत नाही. कॅसी हा दोन पायांचा रोबोट २०२१ मध्ये ५ किलोमीटर धावला तो असाच शिकून, पण त्याचे पाय शहामृगाच्या धाटणीचे. माणसासारखी चाल हवी असेल तर माणसांच्या नोंदवलेल्या हालचाली नमुना म्हणून देतात. त्यातून गुडघे सरळ होऊ लागलेत. तरी माझ्या मते दिसणं साधलं म्हणजे ऊर्जेचा हिशेब साधला असं नाही.

पुढचा व्हिडिओ बघताना रोबोटच्या मागच्या पायावर नजर ठेवा. तळवा अख्खा एकदम उचलला जातोय, की आधी टाच उठून मग चवडा जमिनीला रेटा देतोय? मग डोकं बघा, दर पावलाला किंचित वर-खाली होतंय की एका रेषेत सरकतंय. या दोन गोष्टींवरून तो रोबोट कोणत्या घराण्याचा आहे, तोल जाऊच न देणाऱ्या की माणसासारखं पुढे पडत सावरणाऱ्या, याचा बराच अंदाज येतो.