परत कधी जाणार?

प्रिय पोरी,

परवा शाहू स्मारकातलं भाषण ऐकून तू बाहेर आलीस तेव्हा दसरा चौकातल्या गर्दीतही तुझे डोळे लाल दिसत होते. रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "सर, नोकरी सोडू का? आता बँकेत बसवत नाही." मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. विशीत मलाही असंच बसवत नव्हतं. पुढं काय झालं ते तुला लिहावं की नको, हेच ठरत नव्हतं.

१९७२ नंतर बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' मोहीम, म्हणजे गावची विहीर दलितांनाही खुली करायची मोहीम, गावोगाव पोचली. आम्ही कॉलेजची चार-पाच पोरं राधानगरीकडच्या एका गावात गेलो. वस्तीतल्या एका म्हातारीनं जन्मात पहिल्यांदा गावविहिरीवर घागर भरली. आम्ही घोषणा दिल्या, तिच्या हातचं पाणी प्यालो आणि शेवटच्या एस्टीनं घरी आलो. निघताना तिनं विचारलं, "परत कधी येशीला?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात." मग परीक्षा आली, मग नोकरी. दोन वर्षांनी कळलं, आम्ही निघालो त्याच आठवड्यात वस्तीतल्या बायकांना भांगलणीला बोलावणं बंद झालं होतं. म्हातारी पुन्हा ओढ्यावर जाऊ लागली होती. ती वारली तेव्हासुद्धा मी गेलो नाही.

म्हणून सांगतो, परत जा. बाकी काही मला सांगता येत नाही.

तू सेल्फीच्या रांगेत होतीस, मी खुर्च्यांपाशी होतो. भाषण संपवून धाप लागलेल्या त्या म्हाताऱ्या वक्त्यानं घोटभर पाणी प्यालं आणि आयोजकांना पहिलं काय विचारलं? "मागच्या वेळी ती तीन घरं सांगितली होती, त्यांचं काय झालं?" भाषण विसरलीस तरी चालेल, ही तीन घरं विसरू नकोस.

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा आपण फक्त २० मार्च १९२७ पाठ करतो. त्याच डिसेंबरात बाबासाहेब परत महाडला गेले. मग कोर्टकचेरी, आणि हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं! आणि आपल्या कोल्हापुरातलं, भाऊसिंगजी रोडवरचं, अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल? शाहू महाराज एकदाच चहा पिऊन गेले असते तर ते टिकलं नसतं. महाराजांची गाडी तिथं पुन्हा पुन्हा थांबायची, सोबतच्या मंडळींनाही तो चहा घ्यावा लागायचा.

तुझ्या गावात वस्तीच्या स्मशानाला वाट नाही, पावसाळ्यात मयत चिखलातून न्यावं लागतं, हे गेल्या आषाढात तूच मला सांगितलंस. त्यानंतर गावी किती वेळा गेलीस? एकदा, लग्नाला. मग नोकरी सोडून जाणार कुठं? राग आला तर येऊ दे. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी असते, आणि एस्टीच्या भाड्याला, झेरॉक्सला पगार लागतोच.

लोक म्हणतात, सर कधी तुरुंगात गेले नाहीत. नाही गेलो. पण त्या म्हातारीनंतर एका वस्तीत एकोणीस वर्षं दर गुरुवारी शाळा सुटल्यावर गेलो. रेशनकार्डावर नाव चढवणं, जातीच्या दाखल्यासाठी जुना उतारा शोधणं, एवढंच काम. "यातून काय बदललं?" असं एक जिवलग मित्र तोंडावर म्हणाला. पण गुरुवारी चारनंतर तिथली पोरं रस्त्याकडं डोळे लावून बसलेली असायची. ते कमी होतं असं मी आजही मानणार नाही. कुणीही म्हणो.

तर ग्रामपंचायतीतून पुढच्या ग्रामसभेची तारीख काढ. वाटेचा विषय लेखी दे, पोच घे, ठराव प्रोसिडिंगला उतरला का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब होईल. तहकूब सभेलाही जा. तिथं तुला कुणी बोलू देणार नाही. त्याच्या पुढच्या सभेला जा.

अर्जाचा मसुदा मी करून ठेवलाय. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता रंकाळा स्टँडवर थांबतो. गुडघे दुखतात, पण मी येतोय. जेवणाचा डबा दोघांचा आण.

तुझा,
सर