वाचकांचे प्रश्न : ‘ओनीमुशा’तील तलवार आणि भीती

जुन्या कन्सोल-खेळांवरील आमच्या लेखमालेत ‘ओनीमुशा : वॉरलॉर्ड्स’ या खेळाचा परिचय आल्यानंतर बरीच पत्रे आली. कॅपकॉम या जपानी कंपनीने जानेवारी २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आणलेला हा खेळ त्या कन्सोलवर दहा लाख प्रतींचा टप्पा गाठणारा पहिला खेळ ठरला. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपण ‘ओनीमुशा’ला भयखेळांच्या पंगतीत बसवले आहे. परंतु यातील नायकाच्या हातात तलवार आहे. ती संपत नाही आणि बोथटही होत नाही. मग खेळणाऱ्याने भ्यायचे कशाला? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९९६ साली कॅपकॉमनेच आणलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये भीतीचा उगम टंचाईत होता. पिस्तुलात चार गोळ्या उरलेल्या, औषधाची एकच वनस्पती जवळ आणि दाराआड काय आहे याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत माणूस जीव मुठीत धरून चालतो. जपानमध्ये तो खेळ ‘बायोहॅझर्ड’ या नावाने ओळखला जातो, आणि ‘युद्धयुगातील बायोहॅझर्ड’ अशीच ‘ओनीमुशा’ची मूळ कल्पना होती. तलवार हाती आली की टंचाईची भीती जाते, हे आपले म्हणणे खरे आहे. निर्माते केजी इनाफुने आणि दिग्दर्शक जुन ताकेउची यांच्या चमूने मात्र ती जागा रिकामी ठेवली नाही. टंचाईच्या जागी त्यांनी लोभ आणून ठेवला, आणि माझ्या मते या खेळाचे सारे मोठेपण त्या एका बदलात आहे.

नायक सामानोसुके अकेची याच्या हातावर ओनी नावाच्या अलौकिक कुळाने दिलेले एक कवच आहे. गेनमा नावाचे राक्षस मेले की त्यांच्या देहातून आत्म्यांचे रंगीत गोळे बाहेर पडतात. ते त्या कवचात ओढून घ्यायचे असतात. तांबूस आत्म्यांनी शस्त्रांची ताकद वाढते, पिवळ्यांनी जखमा भरतात, निळ्यांनी शस्त्रातील मंत्रशक्ती परत येते. परंतु हे आत्मे आपोआप मिळत नाहीत. बटण दाबून धरावे लागते, आणि जोवर ते दाबलेले आहे तोवर सामानोसुके हात पुढे करून जागच्या जागी उभा राहतो. त्या काळात त्याला वार करता येत नाही आणि वार अडवताही येत नाही. दुसरीकडे, वेळेवर ओढले नाहीत तर आत्मे विरून जातात.

किल्ल्यातील एका अरुंद वाटेवर तीन गेनमा सैनिक समोर आले आहेत असे पाहा. पहिला पडतो आणि त्याच्यातून एक पिवळा गोळा तरंगत वर येतो. नायक अर्धमेला आहे, त्यामुळे तो गोळा हवाच आहे. परंतु दुसरा सैनिक तलवार उगारून दोन पावलांवर आला आहे, आणि तिसरा पडद्यावरील दृश्याच्या चौकटीबाहेर गेल्यामुळे त्याची केवळ पावले ऐकू येत आहेत. आता बटण दाबायचे की मागे सरायचे? दाबले तर पाठीवर वार बसण्याची शक्यता, आणि सरले तर हातातोंडाशी आलेला घास गेला. हा निर्णय अर्ध्या श्वासात घ्यायचा असतो, आणि किल्ल्याच्या प्रत्येक दालनात तो पुन्हा नव्याने घ्यावा लागतो. गोळ्या मोजताना मनावर येणारा ताण आणि हा ताण एकाच जातीचे आहेत, असे मला मनापासून वाटते. धनुष्य आणि बंदूकही नायकाजवळ आहेत. त्यांचे बाण आणि गोळ्या मात्र मोजक्याच मिळतात, त्यामुळे जुनी टंचाई अगदीच हद्दपार झालेली नाही.

याची खातरजमा करायची असेल तर काएदेचे प्रसंग पुन्हा खेळून पाहावेत. सामानोसुकेची ही सोबतीण निंजा आहे. काही भागांत खेळाची सूत्रे तिच्याकडे जातात. ती चपळ आहे, कुलपे उघडते, पण तिच्या हातावर कवच नसल्यामुळे तिला आत्मे ओढता येत नाहीत. म्हणजे तिने मारलेल्या शत्रूतून तिला काहीच मिळत नाही, आणि झालेली जखम जवळच्या औषधानेच भरावी लागते. साहजिकच तिच्या हाती सूत्रे असताना आपण लढाई टाळू लागतो, कोपऱ्यावर थबकतो, वाट मोकळी दिसली की धावतो. खेळ तोच आणि किल्लाही तोच असूनही केवळ कवच काढून घेताच तो पुन्हा निखळ भयखेळ होतो.

प्रश्न : कॅमेरा आपल्या मर्जीने का फिरत नाही? प्लेस्टेशन २ची ताकद कमी पडली असावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या खेळाचे काम मुळात पहिल्या प्लेस्टेशनसाठी सुरू झाले होते. त्या यंत्रात मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट होती, तर प्लेस्टेशन २ मध्ये ती ३२ मेगाबाइट झाली. जुन्या यंत्रावर दालने आधीच चित्ररूपात तयार करून त्यांवर केवळ हलती पात्रे नाचवणे सोयीचे पडे. १९९२ च्या ‘अलोन इन द डार्क’नेही हीच वाट धरली होती. चित्र ठरलेले, म्हणून कॅमेऱ्याची जागाही ठरलेली. नव्या यंत्रावर आल्यावरही चमूने ही पद्धत सोडली नाही, आणि वाचलेली शक्ती पात्रांच्या चेहऱ्यांवर व वस्त्रांवर खर्च केली. सामानोसुकेला अभिनेता ताकेशी कानेशिरो याचा चेहरा आणि जपानी आवृत्तीत त्याचाच आवाज लाभला आहे.

मात्र ही केवळ सोय होती असे मी म्हणणार नाही. वर सांगितलेला तिसरा सैनिक चौकटीबाहेर राहू शकतो तो याच कॅमेऱ्यामुळे. तो मोकळा फिरवता आला असता तर कोपऱ्यापलीकडे डोकावून आपण निर्धास्त झालो असतो.

प्रश्न : मी जपानी भाषा शिकते. ओदा नोबुनागा हा जपानच्या एकीकरणाचा पाया घालणारा पुरुष आहे असे आम्हाला शिकवले जाते. खेळात तो राक्षसांचा साथीदार दाखवला आहे. याला काही आधार आहे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : राक्षसांना अर्थातच आधार नाही, पण नोबुनागाला खलनायक करण्यामागे जपानी लोकमानसातील एक जुना धागा आहे. खेळाची सुरुवात १५६० च्या ओकेहाझामाच्या लढाईने होते. प्रत्यक्षात त्या लढाईत नोबुनागाने आपल्याहून कितीतरी मोठी फौज घेऊन आलेल्या इमागावा योशिमोतोचा पराभव केला आणि तेथूनच त्याचा उत्कर्ष सुरू झाला. खेळात मात्र विजयाच्या क्षणीच त्याच्या गळ्यात बाण घुसतो, तो मरतो, आणि गेनमा त्याला पुन्हा उठवतात. पुढची कथा इनाबायामा किल्ल्यात घडते. तेथून युकी राजकन्येचे पत्र येते की किल्ल्यातील माणसे एकेक करून नाहीशी होत आहेत, आणि सामानोसुके तिच्या मदतीला निघतो. हा किल्ला खरा आहे. तो साइतो घराण्याकडे होता. १५६७ मध्ये नोबुनागाने तो जिंकला आणि त्या ठिकाणाचे नाव गिफू ठेवले.

१५७१ मध्ये त्याने हिएई पर्वतावरील एन्र्याकुजी हे मोठे बौद्ध पीठ जाळले. लुईस फ्रोइस या पोर्तुगीज धर्मप्रसारकाच्या लिखाणात अशी नोंद आहे की ताकेदा शिंगेन या प्रतिस्पर्धी सरदाराला पाठवलेल्या पत्रात नोबुनागाने स्वतःला ‘सहाव्या स्वर्गाचा मारराजा’ म्हणवून घेतले होते. बौद्ध परंपरेत मार म्हणजे बुद्धाच्या तपात विघ्न आणणारा, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. स्वतःच घेतलेली ही पदवी खेळाच्या कथाकारांनी अक्षरशः खरी मानली, एवढेच.

आपण जपानी शिकत आहात म्हणून आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. नायकाचे आडनाव अकेची आहे. १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नोजी मंदिरात नोबुनागाचा शेवट झाला तो अकेची मित्सुहिदे या त्याच्याच सरदाराच्या बंडामुळे. जपानी खेळाडूला हे शाळेपासून माहीत असते, त्यामुळे पहिल्याच प्रसंगात ‘अकेची’ हे नाव ऐकताच सामानोसुके आणि नोबुनागा यांचे वैर कोठवर जाणार याची चाहूल त्याला लागते. आपल्याकडच्या खेळाडूला ती लागत नाही, म्हणून इतिहास थोडा वाचून मग खेळावे असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याच्या मामाने त्याला हा खेळ दिला आहे. खेळू द्यावा का? (एक आई, नागपूर)

उत्तर : देऊ नये. अमेरिकेतील मानांकनात हा खेळ सतरा वर्षे व त्यापुढील वयासाठी ठरवला गेला आहे, आणि ते मानांकन योग्यच आहे. रक्त, छिन्न देह आणि माणसांवर होणारे गेनमांचे प्रयोग यांत भरपूर आहेत. खेळ जपून ठेवावा. पाच वर्षांनीही तो तितकाच चांगला असेल.

प्रश्न : मित्राकडे जुन्या प्लेस्टेशन २ वर ऐकलेले संगीत मला नव्या आवृत्तीत सापडले नाही. माझी ऐकण्यात चूक होते आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपले कान बरोबर आहेत. मूळ खेळाला भव्य वाद्यवृंदाचे संगीत होते, ज्यात पाश्चात्त्य वाद्यांबरोबर पारंपरिक जपानी वाद्येही होती. ते मामोरु सामुरागोची याच्या नावावर होते आणि कर्णबधिर संगीतकार म्हणून त्याचा मोठा गौरव झाला होता. २०१४ साली ताकाशी निइगाकी या संगीतकाराने जाहीर केले की अनेक वर्षे सामुरागोचीच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या रचना आपण करत होतो. जपानभर खळबळ उडाली. डिसेंबर २०१८ मध्ये जपानात आणि जानेवारी २०१९ मध्ये इतरत्र खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात पूर्णपणे वेगळे संगीत घातलेले होते.

नवे संगीत वाईट नाही. तरीही जुन्या सुरावटींशी ज्यांची नाळ जुळली आहे त्यांना चुकल्याचुकल्यासारखे होणार, आणि मी त्यांपैकीच एक आहे. दोष सुरांचा नव्हता. ज्यांनी ते वाजवले आणि ज्याने ते रचले, त्यांच्या कष्टांवर पडदा पडला याची हळहळ वाटते.

प्रश्न : ‘इस्सेन’ हा घाव मला जमतच नाही. शिवाय आत्मे आधी तलवारीवर खर्च करावेत की अन्यत्र? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : ‘इस्सेन’चा अर्थ विजेसारखी एकच चमक. शत्रूचे शस्त्र आपल्याला लागणार त्याच्या किंचित आधी वार केला तर साधा गेनमा जागीच कोसळतो. अगदी एक घाव दोन तुकडे. बहुतेकांची चूक घाईची असते. शत्रूचा हात वर जाताच बटण दाबले तर तो साधाच वार होतो. हात खाली येऊ लागेपर्यंत थांबायला हवे, आणि नेमके तेच मनाला नको असते. सरावासाठी सुरुवातीच्या भागातील संथ तलवारबाज सैनिक निवडावा, आपली प्रकृती पूर्ण असू द्यावी, आणि पाच-सहा वेळा मार खाण्याची तयारी ठेवावी. त्याच्या खांद्याकडे न पाहता पात्याकडे पाहावे. नव्या आवृत्तीत सोपी पातळी सुरुवातीपासूनच निवडता येते आणि ॲनालॉग काडीनेही चालता येते, तेव्हा सराव तेथे केलेला बरा.

आत्म्यांच्या बाबतीत माझा सल्ला असा की आधी गोलकांकडे पाहावे. वीज, अग्नी आणि वारा या तीन शक्तींचे तीन गोलक आहेत. किल्ल्यातील मुद्रांकित दारे त्या त्या गोलकाने उघडतात, आणि त्याची पातळी कमी पडली तर दार उघडतच नाही. तलवार कमी ताकदीची असली तरी सावधपणे लढून निभावता येते. बंद दारापुढे मात्र काहीच चालत नाही. जादूच्या आरशापाशी खेळ जतन करतानाच हा खर्च करता येतो, त्यामुळे दोन आरशांमधील वाटेवर काय मिळवले याचा हिशोब मनात ठेवावा.

काळोखाच्या प्रदेशात, म्हणजे वीस मजल्यांच्या त्या पायरी-पायरीने कठीण होत जाणाऱ्या लढाईत, औषधे साठवल्याशिवाय उतरू नये. तळाशी बिशामोन या युद्धदेवतेच्या नावाची बासरी मिळते, आणि पुढे खेळातील सर्वांत ताकदवान अशा बिशामोन तलवारीपर्यंत जाण्यासाठी तीच लागते.