रोबोटच्या सामन्यात समोरच्या रोबोटला नुसतं आडवं उभं राहिलं तरी पिनिंग, म्हणजे त्याला कोंडून धरणं, होतं का?
नाही. वाट अडवणं हा खेळाचाच भाग आहे, कोंडून धरणं वेगळं. व्हेक्स या रोबोट स्पर्धेच्या नियमात समोरच्याला साधारण मैदानाच्या एका टाइलएवढ्या, म्हणजे २ बाय २ फूट जागेत डांबलं आणि सुटायला वाटच ठेवली नाही, तर ते होल्डिंग, म्हणजे कोंडून धरणंच. तेही रेफरी ५ मोजेपर्यंतच चालतं. समोरचा सुटायची धडपडच करत नसेल तर तो अडकलाय असं धरत नाहीत; इथेच निम्मी भांडणं होतात. जुळे सोलापुरात आमची पोरं सराव करतात तेव्हा मी मोठ्याने आकडे म्हणतो, तिसऱ्याला रोबोट मागे. नाहीतर ड्रायव्हर जोशात विसरतोच. एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) या दुसऱ्या रोबोट स्पर्धेच्या २०२४-२५ च्या हंगामात मात्र पिनिंगची मर्यादा ३ सेकंदच होती.