वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतींची जमीन विकत घेतलेली असते की बळकावलेली?

तुम्ही विचारलंय की इस्रायली लोक वेस्ट बँकमध्ये वसाहती उभारतात तेव्हा ती जमीन ते पॅलेस्टिनींकडून विकत घेतात की सरळ बळकावतात. दोन्ही प्रकार घडले आहेत, पण ते दोन्ही मिळूनही हिशेब पुरा होत नाही. बरीचशी जमीन तिसऱ्याच वाटेने गेली आहे, 'सरकारी' म्हणून जाहीर होऊन. मी दिवाणी कोर्टात जमिनीचे दावे चालवतो. त्यामुळे या भांडणात मला रणगाड्यांपेक्षा दफ्तर जास्त दिसतं, हे आधीच सांगून ठेवतो.

खरेदीचं आधी उरकतो. 1948 पूर्वी ज्यू संस्थांनी काही जमीन रीतसर विकत घेतली होती. बेथलेहेमच्या दक्षिणेचा गुश एत्झियोन हा गावांचा गट त्यातलाच. 1948 च्या लढाईत ती गावं पडली आणि 1967 मध्ये वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात आल्यावर त्यांतलं क्फार एत्झियोन त्याच वर्षी पुन्हा वसवलं गेलं. आज मात्र इस्रायलींना जमीन विकणं हा पॅलेस्टिनी कायद्याने गंभीर गुन्हा आहे. म्हणून व्यवहार मध्यस्थांच्या नावाने होतात आणि मग 'सही माझी नाहीच' म्हणत कोर्टात पोचतात.

सुरुवातीच्या वर्षांतली सोपी पद्धत म्हणजे लष्करी गरज दाखवून खासगी जमीन तात्पुरती ताब्यात घ्यायची आणि तिथे वसाहत बसवायची. सप्टेंबर 1967 मध्येच इस्रायली परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी लेखी कळवलं होतं की ताब्यातल्या प्रदेशात आपले नागरिक वसवणं चौथ्या जिनिव्हा कराराच्या विरुद्ध आहे. सल्ला फाइलीत राहिला.

ही पद्धत अडली ती 1979 मध्ये, एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात. नाब्लुसजवळच्या रुजैब गावातल्या शेतकऱ्यांनी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरकार म्हणत होतं, सुरक्षेसाठी जागा हवी. पण माजी लष्करप्रमुख हाइम बार-लेव्ह यांनीच प्रतिज्ञापत्र दिलं की सुरक्षेला या वसाहतीची गरज नाही. वर वसाहतवाल्यांनीही प्रामाणिकपणे सांगून टाकलं की आम्ही आलोय ते देवाने दिलेल्या भूमीत कायमचे राहायला. तात्पुरत्या लष्करी ताब्याचा युक्तिवाद तिथेच कोसळला. शेतकरी जिंकले, वसाहत शेजारच्या दुसऱ्या टेकडीवर गेली.

त्या निकालानंतर सरकारने 1858 चा ऑटोमन जमीन कायदा हाताशी धरला. तुर्कांचं राज्य जाऊन साठ वर्षं झाली होती, पण त्यांच्यानंतर तिथे राज्य करणाऱ्या ब्रिटिश आणि जॉर्डन या दोघांनीही तो ठेवला होता. त्यातल्या 'मिरी' जमिनीची मूळ मालकी राज्याची, कसणाऱ्याला वहिवाटीचा हक्क. सलग तीन वर्षं सबळ कारणाशिवाय पडीक ठेवली की तो हक्क जातो. 'मवात' म्हणजे मृत जमीन, गावाच्या टोकाला उभं राहून मोठ्याने मारलेली हाक जिथे ऐकू जात नाही इतकी लांबची. ही थट्टा नाही, कायद्यातली कसोटीच आहे.

आता सातबारा डोळ्यांसमोर आणा आणि समजा की तालुक्यातल्या तीनपैकी दोन गावांचा सातबारा कधी तयारच झाला नाही. वेस्ट बँकची स्थिती तशी आहे. जॉर्डनच्या काळात जेमतेम एक तृतीयांश जमिनीची नोंदणी पुरी झाली होती आणि 1968 मध्ये इस्रायली लष्करी आदेशाने उरलेलं काम थांबलं. मग शेतकऱ्याकडे पुरावा काय? कराच्या जुन्या पावत्या, आजोबांच्या हातचा कागद आणि प्रत्यक्ष वहिवाट. ती वहिवाट विमानातून काढलेल्या फोटोंवर तपासली जाते. उताराला ऑलिव्ह दिसतात, माथ्यावरचा कातळ मोकळा दिसतो. तो माथा सरकारी ठरतो. वसाहती इतक्या वेळा टेकडीच्या डोक्यावर का, याचं लष्करी सोयीखेरीज हेही एक कारण आहे. जाहीरनाम्यावर हरकत घ्यायला 45 दिवस, हरकत ऐकणार लष्करी समिती आणि शाबितीचा बोजा शेतकऱ्यावर. अशी लाखो दुनाम जमीन गेली (चार दुनाम म्हणजे साधारण एक एकर).

उघड बळकावणंही आहेच. सरकारी परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या छोट्या वसाहतींपैकी ('आउटपोस्ट') काही थेट खासगी पॅलेस्टिनी जमिनीवर आहेत. अमोना त्यातलंच. कोर्टाच्या आदेशाने ते फेब्रुवारी 2017 मध्ये उठवलं गेलं आणि त्याच आठवड्याच्या आसपास संसदेने अशी बांधकामं नियमित करणारा कायदा केला. तो 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला.

इस्रायलची बाजू अशी: जॉर्डनचं तिथलं सार्वभौमत्व जगाने जवळजवळ मानलंच नव्हतं, तेव्हा हा दुसऱ्या देशाचा व्याप्त प्रदेश नसून वादग्रस्त प्रदेश आहे आणि सरकारी जमीन वापरल्याने कोणाचं खासगी नुकसान होत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2004 मध्ये आणि पुन्हा जुलै 2024 मध्ये वसाहती बेकायदा असल्याचं मत दिलं. मलाही इस्रायलचा युक्तिवाद लंगडा वाटतो, कारण सरकारी जमीन झाली तरी ती तिथल्या रहिवाशांसाठी राखायची असते आणि त्यांच्या वाट्याला तिच्यातलं जवळजवळ काही आलेलं नाही. 2005 मध्ये गाझातून वसाहती उठवल्यावर तिथून रॉकेटं आली आणि पुढे 7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा हल्ला घडला, हे इस्रायली माणूस सांगतो ते खोटं नाही. पण ते सैन्य ठेवायचं कारण होऊ शकतं, घरं बांधायचं नाही.

पूर्व जेरुसलेमचे नियम वेगळे आहेत, तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारा.

1995 च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकचा सुमारे 60 टक्के भाग 'एरिया सी' म्हणून इस्रायलच्या ताब्यात ठेवला, पाचेक वर्षांच्या बोलीवर. ती मुदत कधीच उलटली. मे 2025 मध्ये इस्रायली मंत्रिमंडळाने याच भागात 1968 पासून थांबलेली जमीन नोंदणी पुन्हा सुरू करायचं ठरवलं. ज्याला कागद दाखवता येणार नाही त्याची जमीन सरकारच्या नावावर चढेल, आणि जाहीरनाम्याला आव्हान देता येतं तसं एकदा पक्क्या झालेल्या नोंदीला देणं फार कठीण असतं.