अंतर अर्ध्या तासाचे, मग तिकिटावर तासाहून अधिक वेळ का?

प्रश्न : मुलगी मुंबईत नोकरीला असल्याने सांबरा विमानतळावरून आमचे अधूनमधून जाणे होते. बेळगाव-मुंबई हवाई अंतर एके ठिकाणी ४०३, तर दुसरीकडे २१८ असे दिलेले आढळले. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर अर्ध्या तासात पोहोचायला हवे. तिकिटावर मात्र तासाहून अधिक वेळ छापलेला असतो. यातले खरे काय मानावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, फरक मोजमापाचा आहे. वैमानिक अंतर सागरी मैलांत मोजतात आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, २१८ ला त्याने गुणून पाहावे, म्हणजे आपला ४०३ चा आकडा हाती येतो. मात्र हे दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर झाले. प्रत्यक्षात विमान ठरवून दिलेल्या हवाई मार्गानेच जाते आणि धावपट्टीच्या दिशेला जुळवून घेण्यासाठी वळसाही घेते, त्यामुळे कापलेले अंतर याहून थोडे जास्तच भरते.

वेळेचा हिशेब चुकतो तो दुसऱ्याच कारणाने. तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतो; विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून मुंबईत पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा तो असतो, आणि त्याला या व्यवसायात ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे आणि उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणे, हे सारे त्यात आले. शिवाय ताशी ८०० हा वेग उंचीवर गेल्यानंतरचा आहे. तीस हजार फुटांवरून खाली यायलाच साधारण १६५ ते १७० किलोमीटर लागतात. म्हणजे चारशे किलोमीटरच्या प्रवासात चढण आणि उतरण वजा केली, की पूर्ण वेगाने जाण्याजोगे अंतर फारच थोडे उरते. विमान पंख्याचे, म्हणजे एटीआर जातीचे असेल, तर मुळात वेगच ताशी पाचशेच्या आसपास असतो. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानाला आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. वेळापत्रक आखताना कंपन्या याचीही तरतूद ठेवतात; विमान कधीकधी ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा होते, ती बहुधा या तरतुदीमुळेच.

आपण निपाणीचे आहात म्हणून एक न विचारलेली गोष्ट सांगतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आहे. हवेत वाचलेले हे नव्वदेक किलोमीटर जेटला जेमतेम सात मिनिटांचे, त्यामुळे त्यासाठी कोल्हापूर गाठण्यात अर्थ नाही. परंतु आपल्या घरापासून सांबरा सुमारे ८५ किलोमीटर पडते आणि कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की उजळाईवाडी त्याच्या निम्म्याच अंतरावर आहे. सोयीच्या वेळेचे विमान मिळत असेल, तर तासाभराची खरी बचत रस्त्यावर होईल.