दुसऱ्या सत्राच्या धावपळीत शिक्षकांचा उत्साह आणि मुलांची सुरक्षितता मुख्याध्यापकांनी कशी सांभाळावी?

दिवाळीनंतर स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल, शिष्यवृत्तीचे जादा तास आणि दहावीची तयारी, सगळं एकदमच येतं. त्यात ऑनलाइन माहिती भरायची, तीही ‘आजच्या आज’! शिक्षक शिकवून जेवढे थकत नाहीत, तेवढे या कागदांनी थकतात. म्हणून आधी कामं कमी करा. माहिती भरणं एकाकडे द्या, पण त्याचे तास दुसऱ्याला द्या. कौतुक जरूर करा, पण नेमकं. नुसतं ‘छान!’ कुणाच्या लक्षात राहत नाही.

सुरक्षिततेत खरी पोकळी असते ती मधली सुट्टी, स्वच्छतागृहाकडची वाट आणि तालमीनंतरची संध्याकाळ यांत. तिथे कोण उभं राहणार, हे नावानिशी फळ्यावर लिहा. संमेलनाच्या तालमीनंतर मूल कुणाच्या ताब्यात दिलं, त्याची वहीत सही घ्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणारी सखी सावित्री समिती नुसती कागदावर असून भागत नाही, तिची बैठक व्हायला हवी. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर आधी ‘आपसात चौकशी’ करत बसू नका. पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना दिसेल असा लावा, मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्हे.