रोटाव्हेटरचा क्रॉस वारंवार का तुटतो?

प्रश्न : आमचा पाच फुटी रोटाव्हेटर जुन्या ट्रॅक्टरवर चार वर्षे विनातक्रार चालला. दिवाळीत थोडा मोठा ट्रॅक्टर घेतला आणि तेव्हापासून पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याचे) तीन क्रॉस (त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांतले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे) तुटले. बांधाशी वळताना लिफ्टने अवजार वर घेतले की कडकड आवाजही येतो. मिस्त्री म्हणतात, हल्ली क्रॉसच हलके येतात. उपाय सुचवावा.
— एक शेतकरी, संगमनेर तालुका

उत्तर : क्रॉस हलका असूही शकेल, परंतु चार वर्षे मुकाट चाललेले अवजार ट्रॅक्टर बदलताच क्रॉस खाऊ लागले, त्याअर्थी आधी शाफ्टची लांबी तपासावी. पीटीओचे टोक आणि अवजार जोडायच्या खालच्या लिंकची टोके यांतील अंतर प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये सारखे नसते. जुना शाफ्ट नव्या ट्रॅक्टरला लांब पडत असेल, तर अवजार वरखाली होताना आतली नळी तळाला टेकते आणि तो सारा दाब क्रॉसवर, पीटीओच्या बेअरिंगवर व गिअरबॉक्सवर येतो. सध्या क्रॉसवरच भागते आहे, हे आपले नशीब म्हणायचे.

तपासणी घरीच करता येते. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला व दुसरा रोटाव्हेटरला जोडावा, दोन्ही टोके समपातळीत येतील इतके अवजार उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत, इंजिन बंद करावे आणि दोन्ही भाग शेजारी शेजारी धरून पाहावेत. त्या स्थितीत नळीला आत सरकायला दोन-तीन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. ती नसेल, तर आतली व बाहेरची नळी सारख्याच मापाने कापून, कडा कानशीने घासून, ग्रीस लावून बसवावी.

जोडताना एक चूक हमखास होते. नळी चौकोनी असेल, तर ती नव्वद अंशांनी फिरलेलीही बिनबोभाट बसते. शाफ्टच्या दोन्ही नळ्यांवरील योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याचे) कान एका रेषेतच हवेत. तिरक्या कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो व दोनदा सोडतो. कान एका रेषेत असले आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले, तर दुसरा क्रॉस ही उणीव भरून काढतो, नाहीतर तीत भरच घालतो. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला अठरा हिसके!

बांधाशी येणारा आवाज मात्र कोन वाढल्याचा आहे. लिफ्ट पूर्ण उचलण्याआधी पीटीओ बंद करावा. घाईत हे कोणी करत नाही, हे मीही पाहतो. दर आठ-दहा तासांनी क्रॉसला ग्रीस द्यावे. चारही टोप्यांतून ते डोकावले पाहिजे, एक जरी कोरडी राहिली तरी तिथल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) अडकतात. हे काम इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून आणि गळ्यातले उपरणे काढूनच करावे.

प्रश्न : ऑइल बाथ एअर क्लीनर (इंजिनाची हवा ऑइलच्या वाटीतून गाळणारा) सर्व्हिसिंगलाच उघडला तर चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : उन्हाळी रोटाव्हेटरच्या धुळीत अजिबात चालणार नाही. वाटी रोज उघडून पाहावी आणि ऑइल चिखलासारखे दाट झाले असल्यास बदलावे. खुणेच्या वर ऑइल भरू नये. जास्तीचे ऑइल इंजिन ओढून घेते.